मालिकेतले आते-मामेभाऊ

अभिनंदनच्या त्या पत्राला मी साडेतीन वर्षं उत्तर दिलं नाही.

पत्र आलं ती दुपार मला आठवते. अक्का स्वयंपाकघरात शेवग्याच्या शेंगा सोलत बसली होती. मी दारातच उभ्या उभ्या पाकीट फोडलं.

"कुणाचं रे?" तिनं आतून विचारलं.

"ग्रंथपाल संघाचं परिपत्रक आहे."

खोटं बोलण्याची मला सवय नाही. म्हणूनच बहुधा ते इतकं सहज निघालं असावं.

अक्का माझी मोठी बहीण, सहा वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर ती सांगलीला माझ्याकडे राहायला आली. मी कॉलेजातला निवृत्त ग्रंथपाल, लग्न केलेलं नाही. दोन खोल्या पुस्तकांनी भरलेल्या होत्या, त्यातली एक तिनं रिकामी करून घेतली. अभिनंदन तिचा एकुलता एक मुलगा आणि माझा एकुलता एक भाचा. तो कोइमतूरला पंप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता.

तीन पानी पत्र होतं. त्यात लिहिलं होतं, 'मामा, मी इथं सेंथिलबरोबर राहतो. खोलीतला जोडीदार म्हणून नव्हे. पाच वर्षं झाली. आम्ही एकमेकांचे आहोत.' आणि पुढं, 'आईला तू सांगशील का? मला जमत नाही. तुला शब्द सापडतात.' अजूनही बरंच लिहिलं होतं, पण माझ्या मनात रुतून बसलं ते हेच.

मी पत्राची घडी घालून ते शब्दकोशाच्या चौथ्या खंडात ठेवलं. उद्या उत्तर लिहू, असं म्हटलं. मग अक्काचं ब्लडप्रेशर वाढलं. मग तिचं गुडघ्याचं दुखणं सुरू झालं. योग्य वेळ यायची होती, ती काही येईना. अभिनंदन दर रविवारी फोन करायचा, आईशी पाऊसपाण्याचं बोलायचा. दिवाळीला दोन दिवस येऊन जायचा. जेवताना मधूनच माझ्याकडे बघायचा. मी ताटात बघायचो.

अशा तीन दिवाळ्या गेल्या.

तिसऱ्या दिवाळीनंतर अक्काच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जिना बंद, मंदिर बंद, शेजारणीकडं जाणं बंद. म्हणून शेजारीणच आमच्याकडे यायला लागली. समोरच्या दारातल्या मेहरूनभाभी. त्यांनी तीस वर्षं ब्लाउज शिवले होते. आता डोळ्यांनी दगा दिल्यामुळं मशीन बंद होतं. रोज दुपारी तीनला स्वतःची उशी काखेत मारून यायच्या आणि अक्काच्या पलंगाशेजारी खुर्चीवर बसायच्या.

त्यांच्या नातीनं सुट्टीत आमच्या टीव्हीला नेट जोडून दिलं, थायलंडची कसलीशी मालिका लावून दिली आणि ती पुण्याला निघून गेली. मालिका कशी बदलायची हे दोघींपैकी कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळं बघायची तर तीच.

"धनू," अक्कानं हाक मारली. माझं नाव धनपाल. "खाली काय लिहून येतंय रे? किड्यामुंग्यांसारखं?"

"इंग्रजीत भाषांतर आहे."

"मग वाच की. जन्मभर पुस्तकं वाचलीस, एवढ्या दोन ओळी वाचायला काय धाड भरली?"

अशी माझी नेमणूक झाली. टीव्हीच्या बाजूला स्टूल टाकून बसायचं आणि खाली येणारी ओळ मराठीत सांगायची. ओळ दोन-तीन सेकंदच थांबते. तेवढ्यात वाचायची, मराठी करायची, बोलायची. मला चारचौघांत बोलायची भयंकर भीती. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आभार मानायचे असले की मी आदल्या दिवसापासून आजारी पडायचो.

"मोठ्यानं!" अक्का म्हणाली. "मंदिरात बसल्यासारखा काय कुजबुजतोस?"

मालिका कॉलेजातल्या दोन मुलांची होती. एक उंच, पोहणारा, श्रीमंताघरचा. दुसऱ्याच्या गालाला खळी, त्याचा बाप गाड्यावर शेवयांचं सूप विकायचा. नावं दोघींच्या तोंडात बसेनात, म्हणून एक झाला उंचाडा आणि दुसरा खळीवाला. पहिला भाग नीट पार पडला. दुसऱ्या भागात उंचाडा खळीवाल्याच्या बुटाची सुटलेली नाडी बांधायला खाली वाकला आणि वर बघून थांबला. फार वेळ थांबला. त्या बघण्यावरून मला मालिका कशाची आहे ते कळलं.

शब्दकोशाचा चौथा खंड माझ्या पाठीमागच्याच कपाटात होता.

"हे दोघं एकमेकांचे कोण रे?" अक्कानं विचारलं.

"आते-मामेभाऊ," मी म्हणालो.

"हां. तरीच एवढी माया."

एकदा थाप मारली की तिला सांभाळावं लागतं. पाचव्या भागात उंचाडा भर पावसात उभा राहिला, डोळ्यांत पाणी आणून एक वाक्य म्हणाला. खाली लिहून आलं. मी वाचलं आणि म्हणालो, "तो म्हणतोय, छत्री विसरत जाऊ नकोस."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"एवढं मोठं तोंड करून, छत्री?" अक्का म्हणाली.

"सर्दीचा माणूस असंल तो," मेहरूनभाभींनी समजूत घातली. "आमच्या सासऱ्यांना पण पाऊस बघितला की रडू यायचं."

सहाव्या भागात मी उंचाड्याच्या तोंडी पोहण्याच्या स्पर्धेचं वेळापत्रक घातलं. खळीवाल्यानं त्याला लिहिलेल्या चिठ्ठीत मी गणिताची उत्तरं घातली. गोष्ट हळूहळू माझीच होत चालली होती आणि फार वाईट होत चालली होती. दोघींचं लक्ष उडायला लागलं. मला वाटलं, बरं झालं, कंटाळतील, सुटेन.

सातव्या भागात ते दोघं नावेतून नदी पार करत होते. कुणी काहीच बोलत नव्हतं, म्हणून मीही स्वस्थ होतो. खळीवाल्यानं उंचाड्याच्या कपाळावर आलेले केस बाजूला केले. आणि मग त्यांनी एकमेकांचं चुंबन घेतलं. चांगलं लांबलचक. त्याला मराठीत करण्यासारखं काही नव्हतं.

मेहरूनभाभींनी पदर तोंडाला लावला. मी स्टुलावर दगड होऊन बसलो.

"धनू," अक्का म्हणाली.

"हं."

"आते-मामेभाऊ म्हणालास न्हवं?"

"हं."

"मग नातं जुळतंयच की."

मेहरूनभाभींनी पदराआडून मान डोलावली. "आमच्यात पण चालतंय."

आणि दोघी अशा हसायला लागल्या, की अक्काला गुडघा हातानं धरून ठेवावा लागला. मी विसरलोच होतो. आमच्या जैन समाजात बहिणीची मुलगी भावाच्या घरात द्यायची रीत. मेहरूनभाभींचं स्वतःचं लग्न आतेभावाशी झालेलं. या सबंध जिल्ह्यात आते-मामेभावंडं म्हटल्यावर लोकांच्या मनात आधी लग्नच येतं. प्रेम लपवायला मी शोधून शोधून तेवढं एक नातं काढलं होतं.

हसू ओसरल्यावर अक्का म्हणाली, "आता खरं सांग. पावसात काय म्हणाला होता तो?"

"आठवत नाही."

"तुला? तुला चाळीस वर्षांपूर्वी कोण कुठलं पुस्तक न देता पळाला ते आठवतंय."

मी जमिनीकडे बघून म्हणालो, "तो म्हणाला, मला तू आवडतोस. पहिल्या वर्षापासून."

अडुसष्ट वर्षांचा होतो मी. ते वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं, तेही दुसऱ्याचं, दोन म्हाताऱ्यांसमोर. काहीच झालं नाही. बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"एवढंच होय?" अक्का म्हणाली. "मग छत्री कशाला आणलीस मध्ये?"

"मला वाटलं, तुम्हाला आवडणार नाही."

"आवडायचं का नाही ते आम्ही ठरवू. तू नुसतं वाच. आणि पहिल्यापासून लाव. सात भाग आम्ही चुकीचे बघितलेत."

मालिका पहिल्यापासून लावली. या वेळी खाली लिहून येत होतं तेच मी वाचलं. मला सांगायला संकोच वाटतो, पण ते दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. तीन ते साडेचार मालिका. मग मेहरूनभाभी चहा पिऊन जायच्या. सूर्य मावळायच्या आत आमची जेवणं व्हायची, आणि जेवताना अक्का आजच्या भागावर बोलायची. मी रात्री शब्दकोश काढून उद्यासाठी चांगले शब्द शोधून ठेवायचो. 'डेट'ला काय म्हणायचं यावर माझे दोन दिवस गेले. शेवटी अक्कानंच सोडवलं. "भेटायला बोलावलंय म्हण. त्यात काय अवघड आहे?"

एक संपली की टीव्ही आपोआप तसलीच दुसरी लावायचा. पावसाळा लागेपर्यंत आम्ही चार मालिका पाहिल्या. तीन थायलंडच्या, एक कोरियाची. दोघींची मतं एव्हाना पक्की झाली होती.

मेहरूनभाभींचं पहिलं लक्ष कपड्यांवर. "एवढा करोडपती दाखवलाय, पण शर्ट खांद्यात उतरतोय बघा. शिवणाराला माप घेता येत नाही." दुसरं लक्ष मुलींवर. "हिला का वाईट दाखवतात ओ दरवेळी? तिचं काय चुकलं? तिला पण एक चांगला पोरगा बघून द्या की. एवढी पोरं फिरतायत कॉलेजात."

अक्काला आजारपणाचा राग. प्रत्येक मालिकेत एकाला ताप यायचा आणि दुसरा रात्रभर जागून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायचा. "ताप आला की यांचं प्रेम वाढतंय. आमच्या ह्यांना टायफॉइड झाला तेव्हा मला नुसती झोप यायची." आणि अकराव्या भागाचा राग. "दहा भाग गोड, अकराव्यात भांडण, बाराव्यात समेट. भांडण तरी कशाचं? विचारायचं ते विचारलं नाही आणि सांगायचं ते सांगितलं नाही, याचं. तोंडं शिवल्यात काय यांची?"

पण कोरियाची मालिका तिला आवडली. त्यातली मुलं कमी बोलायची, एकमेकांना नुसतं जेवायला वाढायची. "हे खरं," अक्का म्हणाली. "हे असंच असतंय."

एकदा मेहरूनभाभी म्हणाल्या, "दादा, तुमचं मत काय? तुम्ही कधी सांगतच नाही."

"मी फक्त वाचतो," मी म्हणालो.

"वाचणाऱ्याला मत नसतं होय?"

"त्याला कुठलं मत," अक्का म्हणाली. "लहानपणी आई विचारायची, आमटीत मीठ बरोबर आहे का. हा म्हणायचा, अक्काला विचार."

मीही हसलो.

त्या महिन्यांत मला अनेकदा वाटलं की आता सांगावं. ही बाई दोन मुलांना नावेत बसलेलं बघून हसते, तिला सांगायला कशाची भीती? पण पडद्यावरची मुलं परक्या देशातल्या परक्या आयांची असतात. एकदा धीर करून विचारलं, "अक्का, आपल्याकडं असं कुठं झालं तर?"

ती वाटाणे सोलत होती. "कुणाच्या घरात, ते बघावं लागंल," ती म्हणाली.

या वाक्याचे मी रात्रभर दोन्ही अर्थ लावले. सकाळी पत्र होतं तिथंच राहिलं.

चौथ्या मालिकेत आई होती. आधीच्या तीनमध्ये आया नव्हत्या असं नाही. एकीच्या फोटोला हार होता आणि दोघी थोबाडीत मारायला तेवढ्या यायच्या. अक्काची तक्रारच होती, "मेलेली नाहीतर राक्षसीण. मधली आई यांच्या गावात जन्माला येत नाही काय?" ही आई तशी मधली होती. इस्त्रीचं दुकान चालवायची. मुलाचे शर्ट सगळ्यात आधी करून बाजूला ठेवायची. कॉलेजातले एक मास्तर तिच्याकडं कपडे द्यायला यायचे. मुलाचं ज्याच्यावर प्रेम होतं त्या दुसऱ्या मुलाची गोष्ट मास्तरांना ठाऊक होती. मुलानंच त्यांना पहिल्या भागात विश्वासानं सांगितलेली.

दहाव्या भागात एका गिऱ्हाइकानं कपडे मोजता मोजता आईला ते सहज सांगून टाकलं. संध्याकाळी मुलगा घरी आला. आईनं त्याच्या थोबाडीत मारली.

"झालं. ही पण तसलीच," मेहरूनभाभी म्हणाल्या. "मारायचं काय कारण?"

"मारलं ते चुकलंच," अक्का म्हणाली. "पण राग कशाचा आलाय ते बघ मेहरून. पोराला पोरगा आवडतोय याचा न्हाई. गिऱ्हाइकाला माहीत, कॉलेजला माहीत, गल्लीला माहीत. आईला सगळ्यात शेवटी. अगं, नऊ महिने पोटात हिनं ठेवला आणि ती बातमी हिला कपडे मोजणाऱ्यानं द्यायची?"

"ते पण खरं."

"आणि मला या पोराचा राग येत न्हाई. पोरगं घाबरलं, असू दे. मला राग येतोय त्या मास्तराचा. त्याला पहिल्यापासून माहीत. रोज कपडे घेऊन येतोय, रामराम करतोय, कसं काय विचारतोय. पोरानं विश्वासानं सांगितलं होतं त्याला. दोन शब्द बोलायला काय झालं होतं त्याला? शिकलेला न्हवं?"

पडद्यावर आई काहीतरी बोलत होती. खाली ओळ आली. गेली. दुसरी आली.

"दादा, वाचा की," मेहरूनभाभी म्हणाल्या.

मला दिसत नव्हतं असं नाही. अक्षरं स्वच्छ दिसत होती. आवाजच फुटेना.

"आवाज बसला काय ओ?"

मी उठलो. कपाटातून शब्दकोशाचा चौथा खंड काढला, त्यातलं पाकीट काढलं आणि अक्काच्या मांडीवर ठेवलं. तिनं पाकिटावरचं अक्षर ओळखलं. चष्मा पुसला. मेहरूनभाभींनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"माझं दूध राहिलंय गॅसवर," त्या म्हणाल्या आणि गेल्या. उशी तिथंच राहिली.

अक्का सातवीपर्यंत शिकलेली. ओठ हलवत सावकाश वाचते. तीन पानं वाचायला तिला किती वेळ लागला, मला सांगता येणार नाही. मालिका चालूच होती, थायी भाषेत कुणीतरी रडत होतं. पाणी आणावं का, गोळी द्यावी का, डॉक्टरांचा नंबर कुठं आहे, असले विचार माझ्या डोक्यात फिरत होते. तिनं शेवटचं पान संपवलं. मग पुन्हा पहिलं पान वर घेतलं आणि बोट ठेवलं.

"ही तारीख बघितलीस?"

"बघितली."

"साडेतीन वर्षं."

"तुझं ब्लडप्रेशर..."

"माझ्या ब्लडप्रेशरवर ढकलू नकोस धनू." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तीन दिवाळ्या पोरगं माझ्यासमोर बसलं. मी त्याला पोरींचे फोटो दाखवत होते. कोल्हापूरची, निपाणीची, ती दातांची डॉक्टरीण. तो एकेक फोटो हातात घेऊन बघायचा, चांगली आहे म्हणायचा आणि तुझ्याकडं बघायचा. मला वाटायचं, मामाची माया." तिनं पत्राची घडी घातली. "तू लाडू खात होतास."

ते खरं होतं. मी लाडू खात होतो.

संध्याकाळी तिनं नेहमीच्या वेळी, सूर्य मावळायच्या आत, काठी टेकत दोन ताटं वाढली. माझं ताट माझ्या जागेवर ठेवलं, स्वतःचं घेऊन आपल्या खोलीत गेली. मी एकटा जेवलो. आमटीत मीठ जास्त झालं होतं. ती रडली होती की चुकून पडलं होतं, कोण जाणे. मी सगळी संपवली.

सकाळी तिनं जप केला, माळ डबीत ठेवली आणि मला म्हणाली, "फोन लाव."

रविवार नव्हता. पहिल्या घंटेलाच उचलला.

"आई? काय झालं? बरी आहेस ना?"

अक्काला ऐकायला कमी येतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असतो. "मला काय होतंय," ती म्हणाली. "जेवलात का दोघं?"

पलीकडं काहीच ऐकू येईना. मला वाटलं फोन कटला.

"आई," अभिनंदन म्हणाला. "सकाळचे आठ वाजलेत."

"मग नाष्टा केलात का दोघांनी?"

नाक ओढल्याचा आवाज आला. "केला."

"काय केलं होतं?"

"इडली. सेंथिलनं केली."

"त्याला करता येती व्हय? तुला कधी जमली न्हाई. कांदा-लसूण खातो का तो?"

"खातो आई."

"खाऊ दे. चातुर्मासात तेवढं सोडायला सांग." अक्कानं पदरानं डोळे पुसले, आवाज मात्र हलू दिला नाही. "आणि माझा गुडघा बरा झाला की मी येणार आहे. तिकडं जिना आहे का?"

"नाही. खालचाच मजला आहे." आणि मग, "आई, मामा आहे का तिथं?"

अक्कानं माझ्याकडे बघितलं. मी लहान मुलासारखी मान हलवली, नको, नको.

"हाय," ती म्हणाली. "पण त्याला बोलता येत न्हाई, तुला माहीत हाय. तो लिहील."

फोन ठेवल्यावर तिनं उशाखालून पत्र काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

"हे घे. वाच."

"मी वाचलंय अक्का. पाठ आहे मला."

"कुठलं पाठ आहे? मोठ्यानं वाच. इतके दिवस परक्या पोरांचं वाचलंस, आता घरचं वाच."

मी वाचायला लागलो. पहिलं पान सेंथिलचं. दुसऱ्या पानावर 'आईला तू सांगशील का' हे होतं, आणि ते खरोखर दोनच ओळींचं होतं. साडेतीन वर्षं माझ्या डोक्यात ते तीन पानांएवढं झालं होतं. त्याच्या पुढं सबंध दीड पान होतं, आणि ते पान मी त्या दुपारी दारात उभं राहून वाचलं होतं, नंतर कधी उघडलं नव्हतं.

'आईचं पुढचं मी बघेन, तिला वेळ लागला तरी चालेल. पण मामा, मला आधी तुझं ऐकायचं आहे. लहानपणी सुट्टीत मी तुझ्या लायब्ररीत बसायचो. तू मला कुठलंही पुस्तक काढून दिलंस, कधी म्हणाला नाहीस की हे तुझ्यासाठी नाही. म्हणून तुला लिहितोय. तुला काय वाटतं ते मला सांग. वाईट वाटलं असेल तरी सांग. फक्त गप्प राहू नकोस.'

मी पान खाली ठेवलं. अक्कानं पुढचं वाचायला सांगितलं नाही.

"यात माझं दोन ओळींचं आहे," ती म्हणाली. "बाकी सगळं तुला विचारलंय. माझं मी फेडलं आज. तुझं तू बघ."

मी जन्मभर वाचणारा माणूस. लोक मला विचारायचे, अमुक पानावर काय आहे, आणि मी सांगायचो. ते पत्र मात्र मी अक्कासाठी आलंय असं समजून ठेवून दिलं होतं. तिचं ब्लडप्रेशर, तिचा गुडघा, तिचा समाज. तिच्यामागं लपायला मला फार सोयीचं झालं होतं. मला कुणी मत विचारलेलं मला सहन होत नाही, एवढंच खरं कारण होतं. बाकी सगळी छत्री.

उत्तर लिहायला मला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी मी चार पानं लिहिली. त्यात प्राचीन ग्रीस होतं, मानसशास्त्र होतं, अनेकान्तवाद होता. फाडून टाकली. दुसऱ्या दिवशी नुसती क्षमा मागितली. तीही फाडली, कारण त्यानं क्षमा मागितली नव्हती, मत मागितलं होतं. दुपारी तीनला मेहरूनभाभी आल्या, त्यांनी बारावा भाग लावायला सांगितला. मी वाचायला बसलो. इस्त्रीवाल्या बाईनं शेवटी दोन मुलांचे दोन शर्ट शेजारी शेजारी हँगरला लावले. मास्तर परत आलेच नाहीत.

"गेला कुठं तो?" मेहरूनभाभींनी विचारलं.

"लिहीत असंल," अक्का म्हणाली. तीन दिवसांत ती माझ्याशी पहिल्यांदा हसली.

तिसऱ्या दिवशी मी लिहिलं ते असं:

'प्रिय अभिनंदन, तुझं पत्र वाचलं त्या दिवशी मला काय वाटलं, ते मला सांगता येत नाही, कारण मी काही वाटूच दिलं नाही. तो माझा भित्रेपणा होता. तुझ्याशी त्याचा संबंध नाही. आज काय वाटतं ते सांगतो. मला आनंद वाटतो. तू आजारी पडलास तर तुझ्याजवळ कुणीतरी आहे, तुला इडली करून घालतं, याचा आनंद वाटतो. हे माझं मत आहे आणि ते मी कुणाला विचारून लिहिलेलं नाही. सेंथिलला वाचायची आवड आहे का? असली तर त्याला काय आवडतं ते कळव, म्हणजे पाठवीन. नसली तरी कळव. तुझा मामा.'

अक्कानं वाचायला मागितलं नाही. मी दाखवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्रामबागच्या पोस्टात गेलो. खिडकीशी रांग नव्हती. आतल्या बाईंनी पाकीट काट्यावर ठेवलं, पत्ता वाचला.

"कोइमतूर. साधं की स्पीड पोस्ट?"

मी विचारात पडलो. साधं पत्र म्हणजे आठवडा लागणार.

"अर्जंट आहे का आजोबा?"

"साडेतीन वर्षं उशीर झालाय," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली नाही. बारकोडाची चिठ्ठी चिकटवली, शिक्का उचलला.

"मग स्पीडच करूया," त्या म्हणाल्या, आणि शिक्का मारून माझं उत्तर तमिळनाडूच्या ढिगावर टाकलं.